फिजीचा ऊस आणि पौषातला पाऊस

वाचकहो, मुलांच्या शाळेचा नकाशा घरात असेल तर जरा पुढ्यात घ्या. त्यात सातारा-सोलापूर शोधा. विषुववृत्ताच्या उत्तरेला हा पट्टा साधारण साडेसतरा अंशांवर येतो. आता बोट विषुववृत्त ओलांडून तितकेच खाली, दक्षिणेला न्या आणि उजवीकडे सरकवत चला. ऑस्ट्रेलिया मागे पडला की पॅसिफिक महासागराच्या निळ्या रंगात मोहरी सांडावी तसे ठिपके दिसतील. ते फिजी. मुंबईहून सरळ रेषेत सुमारे बारा हजार किलोमीटर. तिथले घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या बेटांशी आपलं काय देणंघेणं? देणंघेणं आहे. एक तर तिथे ऊस होतो, आणि तो वाढवला आपल्याच देशातून नेलेल्या माणसांनी. दुसरे म्हणजे, ज्या महासागराच्या तापण्या-निवण्याचा धसका आपण दर मे महिन्यात घेतो, त्याच महासागरात ही बेटे उभी आहेत. आपल्याला तिकडची नुसती झळ लागते. ते तर चुलीशेजारीच बसलेले.

आषाढ कोरडा, पौष ओला

१४ मे १८७९ रोजी 'लिओनिडास' नावाचे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीला लागले. तेव्हापासून १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे तिकडे गेली. सुरुवातीला गेली ती बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, पुढे मद्रासकडचीही. पाच वर्षांच्या कराराचे ते मजूर. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि ते झाले 'गिरमिटिये'.

या माणसांनी सोबत काय नेले? कपड्यांचे गाठोडे, तुळशीदासांचे रामायण आणि डोक्यात बसलेले पंचांग. आषाढ म्हणजे पाऊस, कार्तिक म्हणजे थंडीची चाहूल, चैत्र-वैशाख म्हणजे ऊन, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. फिजीत पाहतात तो सगळे उलटे! दक्षिण गोलार्ध ना तो. आषाढ-श्रावणात आभाळ निरभ्र, हवा कोरडी, रात्री गार. दिवाळीचे दिवे लावावेत तेव्हा पावसाळा दाराशी आलेला. आणि आपण संक्रांतीला हुडहुडत तीळगूळ वाटतो, त्या पौष-माघात तिकडे आभाळ फाटते.

सणांच्या तिथी त्यांनी सोडल्या नाहीत. दिवाळी तिथे सरकारी सुट्टीचा दिवस आहे, रामनवमीही थाटात होते. पण शेतीचे पंचांग मात्र नव्याने मांडावे लागले. त्या पंचांगात पाने दोनच. नोव्हेंबर ते एप्रिल ओला हंगाम, मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. आपल्यासारखा कडक उन्हाळा नाही, हाडं गोठवणारी थंडी नाही. भोवती समुद्र असल्यामुळे सर्वांत गरम आणि सर्वांत गार महिन्याच्या सरासरीत दोन ते चार अंशांचाच फरक. उन्हाचा नि थंडीचा प्रश्न असा समुद्राने सोडवून टाकला आहे. राहतो तो पावसाचा.

डोंगराअलीकडे, डोंगरापलीकडे

फिजीत लहानमोठी तीनशेहून अधिक बेटे आहेत. त्यातल्या साधारण एक तृतीयांश बेटांवरच वस्ती. सगळी जमीन एकत्र केली तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडी मोठी. लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. दोन बेटे मोठी, वीती लेवू आणि वानुआ लेवू. वीती लेवूच्या मधोमध डोंगर आहेत. त्यातले तोमानिवी हे सर्वांत उंच शिखर १,३२४ मीटरचे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याच उंचीचे म्हणा ना.

आता गंमत बघा. तिथला नेहमीचा वारा आग्नेयेकडून येतो. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावरची वाफ घेऊन डोंगराला थडकतो आणि अलीकडच्या अंगाला ओझे उतरवून मोकळा होतो. राजधानी सुवा या ओल्या अंगाला आहे. तिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि अगदी कोरड्या महिन्यातही शंभराच्या वर. डोंगराच्या पलीकडे, पश्चिमेला नांदी, लौटोका, बा ही गावे. तिथे वर्षाचा पाऊस दोन हजारांच्या आतबाहेर. महाबळेश्वर भिजून चिंब आणि चार डोंगर ओलांडले की माण-फलटण कोरडे, हा प्रकार आपण जन्मभर पाहतोच. वारा आणि डोंगर यांचा कायदा सगळीकडे एकच.

दोन हजार मिलिमीटर म्हटल्यावर माणदेशातला वाचक म्हणेल, "एवढ्या पावसाला कोरडं म्हणतात? मग आम्ही कुठं जावं?" रास्त आहे. पण थांबा. या दोन हजारांतला सुमारे तीन चतुर्थांश पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांतच येतो. जुलैत नांदीला पन्नासएक मिलिमीटर पडला तर पडला. आणि तिथला ऊस बहुतांशी पावसावरच आहे. आपल्यासारखे कॅनॉल, उपसा योजना, विहिरीवर मोटर हे तिकडे फारसे नाही. आभाळाने दिले तर दिले.

मग ऊस ओल्या अंगाला, सुव्याकडे का नाही लावला? लावला होता. कॉलोनियल शुगर रिफायनिंग या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीने फिजीतला आपला पहिला कारखाना १८८२ मध्ये रेवा नदीकाठी नौसोरीला, म्हणजे भर पावसाच्या बाजूलाच सुरू केला. ऊस वाढायचा भरपूर, पण रसात गोडी उतरायची कमी. बारमाही ओलीत ऊस पालाच वाढवत बसतो. साखर भरायला त्याला शेवटचे काही महिने कोरडे आणि रात्री गार लागतात. अखेर १९५९ मध्ये नौसोरीचा कारखाना बंद झाला. ऊस टिकला तो पलीकडच्या कोरड्या अंगाला, बा, लौटोका, नांदी, राकीराकीला आणि वानुआ लेवूवर लंबासाकडे. उसाला पाऊस हवा, पण वेळेवर थांबणाराही हवा, हा धडा तिथे असा सत्त्याहत्तर वर्षे खर्चून शिकावा लागला.

समजा, तुमचा ऊस 'बा'मध्ये आहे

आता थोडा वेळ असे समजा, की बा नदीच्या खोऱ्यात तुमचा ऊस आहे. रान दहा एकर. कंपनीने १९२० नंतरच्या दशकात आपले मळे मोडून गिरमिटियांना कुळे म्हणून बसवले, तेव्हा साधारण दहा-दहा एकरांचेच तुकडे पाडले होते. जमीन तुमच्या मालकीची नाही. तिथली बहुतेक जमीन मूळ फिजीयन कुळांच्या सामाईक मालकीची, ती तुम्ही भाडेपट्ट्याने कसता.

पाऊस ओसरू लागला, रानाला वाफसा आला की मार्च ते मेमध्ये नवी लागण. जूनच्या सुमारास कारखान्याचे धुराडे पेटते. आग्नेयेचा वारा सुरू असतो, दिवसा अठ्ठावीस-एकोणतीस अंश, रात्री अठरा-एकोणीसपर्यंत पारा उतरतो. उसाला हेच मानवते. ऑगस्ट ते ऑक्टोबर उतारा चढता. तोडणीला टोळी येते, आणि टोळीचा म्होरक्या म्हणजे सरदार. आपला मुकादमच तो, नाव तेवढे वेगळे. ऊस वाहायला कंपनीने दोन फूट रुंदीचे रूळ टाकून छोट्या आगगाड्या सुरू केल्या होत्या. पुढे लॉऱ्यांवर भर आला.

खरी धाकधूक नोव्हेंबरपासून. कारखाना मध्येच बंद पडला, तोडणी लांबली, तर उभ्या उसावर पहिला पाऊस येतो. रान चिखलते, लॉरी रुतते, उतारा घसरतो. पण हाच पाऊस खोडव्याला जीव देणारा. म्हणजे एका रानाला पाऊस नको आणि शेजारच्या रानाला आजच हवा! जानेवारी ते मार्च तो मनसोक्त पडतो. दिवसा एकतीस-बत्तीस अंश, अंगाला चिकटणारा दमटपणा आणि ऊस रोज बोटभर वाढतोय असा भास. हे सगळे सुरळीत झाले तर साल गोड.

सुरळीत न होण्याचे रस्ते दोन. एक वाऱ्याचा, दुसरा तहानेचा.

वारा येतो तेव्हा

१ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हा तिकडे चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. म्हणजे पाऊस देणारे महिने तेच वादळाचेही. आपल्या बंगालच्या उपसागरातली वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, ती फिजीकडची काट्यांच्या दिशेने. नुकसानीत मात्र डावे-उजवे नाही.

१९३१ च्या फेब्रुवारीत आलेल्या वादळाने आणि पुराने दोनशेहून अधिक माणसे नेली, त्यात बा नदीचे खोरे सर्वांत जास्त पोळले. १९९३ साल उजाडले तेच 'किना' वादळ घेऊन. सिंगातोका आणि बा या दोन्ही नद्यांवरचे पूल वाहून गेले. माणसे गेली तेवीस. २०१२ मध्ये तर जानेवारीत पूर आला, घरेदारे पुसून होतात न होतात तोच मार्चअखेर नांदी शहर पुन्हा पाण्याखाली.

आणि २० फेब्रुवारी २०१६ ची ती रात्र. 'विन्स्टन' नावाचे वादळ आधी टोंगाकडे गेले होते. लोकांना वाटले, टळले. पण ते वाटेत वळसा घेऊन माघारी फिरले आणि ताशी २८० किलोमीटरच्या वाऱ्याने कोरो बेटावर आणि मग राकीराकीवर आले. दक्षिण गोलार्धात जमिनीवर आलेले नोंदीतले हे सर्वांत जोराचे वादळ. ४४ माणसे गेली. देशातल्या दर दहा माणसांपैकी सहांना त्याची झळ बसली. राकीराकीचा पेनांग साखर कारखाना इतका मोडला, की तो पुन्हा सुरूच झाला नाही. तिथला ऊस लांब बाच्या कारखान्याकडे वाहून न्यायची पाळी आली. कारखाना बंद पडला की पंचक्रोशीचे काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

वादळाने लोळवलेला ऊस मरत नाही, हे खरे. पण आडवा पडलेला ऊस डोळ्यांतून फुटतो, मुळ्या सोडतो, साखर खाऊन टाकतो. वजन काट्यावर दिसते, पैसे पट्टीत दिसत नाहीत.

समुद्र तापला, पाऊस सरकला

दुसरा रस्ता तहानेचा. इथे आपला आणि त्यांचा धागा जुळतो, म्हणून नीट ध्यानात घ्या.

दक्षिण पॅसिफिकवर ढगांचा एक लांबलचक पट्टा असतो. पापुआ न्यू गिनीकडून तो आग्नेयेला तिरपा पसरतो. ओल्या हंगामात हा पट्टा फिजीच्या अंगावर येतो, तोच त्यांचा खरा पाऊस. एरवी महासागराचे सर्वांत कोमट पाणी पश्चिमेकडे साचलेले असते. काही वर्षांनी वारे मंदावतात आणि ते पाणी पूर्वेकडे, पेरूच्या दिशेला पसरते. हाच एल निनो. पाणी सरकले की ढगांचा पट्टाही ईशान्येकडे सरकतो आणि फिजी कोरडे राहते. उलट, ला निना आली की पट्टा नैर्ऋत्येला झुकतो आणि पूर येतात. २०१२ चे दोन्ही पूर ला निनाच्या काळातलेच.

१९९७-९८ चा एल निनो फिजीच्या उसाला फार महागात पडला. ओला हंगाम आला तो कोरडाच. १९९६ मध्ये ऊस झाला होता चाळीस लाख टनांवर, १९९८ मध्ये तो निम्म्याच्या आसपास आला. पश्चिम भागात घरोघर धान्य आणि पाणी पोचवावे लागले. दैव असे, की १९७६ च्या कूळ कायद्यानुसार मिळालेले तीस वर्षांचे पट्टेही त्याच १९९७ पासून संपू लागले होते. एका हाताने आभाळाने खेचले, दुसऱ्या हाताने जमिनीने. अनेकांनी शेती सोडली ती कायमची. पुढे युरोपात साखरेला मिळणारा चढा भावही गेला, तरुण मुले ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे निघाली. अलीकडच्या वर्षांत तिथला ऊस वीस लाख टनांच्याही खाली राहिला आहे.

आता आपल्याकडे वळू. १९९७ चा एल निनो इतका दांडगा, की भारतातही दुष्काळ पडणार असे सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या वर्षी देशाचा मॉन्सून सरासरीइतका झाला! उलट २०१५ च्या एल निनोत मराठवाडा होरपळला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच्या दोनच महिने आधी, त्याच एल निनोच्या काळात, फिजीवर 'विन्स्टन' आले होते. इकडे पाण्याची गाडी, तिकडे छपरे उडालेली. महासागर तोच, तडाखे मात्र निरनिराळे.

म्हणून एल निनोची बातमी आली, की ती धोक्याचा इशारा म्हणून वाचावी, पत्रिकेतले भविष्य म्हणून नव्हे. इशाऱ्यावर माणूस बियाणे जपून ठेवतो, पाणी राखतो. भविष्य ऐकून हातपाय गाळतो.

जमिनीखालचे पीक, झाडावरची खूण

फिजीचे मूळ लोक या हवेत जवळजवळ तीन हजार वर्षे काढत आले आहेत. त्यांची पिके पाहिली तर शहाणपण कळते. दालो हा अळूच्या जातीचा मोठा कंद, सुरणासारखा याम, आणि अलीकडच्या काळात आलेला टॅपिओका, म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. सगळे अन्न जमिनीखाली! वारा वरचे नेईल, खालचे राहील. वादळाची वर्दी आली की टॅपिओकाचे शेंडे छाटून टाकतात, म्हणजे वाऱ्याने झाड हलून कंद उपटत नाही. फणसाच्या भावकीतले ब्रेडफ्रूट पूर्वी खड्ड्यात पुरून आंबवून ठेवत. वादळानंतरचे उपासाचे महिने त्यावर निघत.

खुणाही होत्या. ब्रेडफ्रूटला एका देठाला घोसाने फळे लागली, किंवा गांधीलमाशीने पोळे जमिनीलगत बांधले, की म्हाताऱ्यांनी म्हणावे, यंदा वादळ. आपल्याकडे कावळ्याचे घरटे आणि टिटवीची अंडी बघून पाऊस सांगत, त्यातलाच हा प्रकार. तिथल्या हवामान खात्याने अशा खुणा थट्टेवारी न नेता नोंदवून ठेवायला घेतल्या, ही चांगली गोष्ट. सोबत नांदीचे हवामान केंद्र आहेच. दक्षिण पॅसिफिकच्या मोठ्या टापूतली वादळे ओळखणे, त्यांना नावे देणे, वर्दी देणे ही जबाबदारी त्याच्याकडे आहे. उसाच्या पट्ट्यासाठी पावसाचा वेगळा अंदाजही दिला जातो.

तरीही पुढचे दिवस सोपे नाहीत. समुद्र चढतो आहे. वानुआ लेवूवरचे वुनिंदोंगोलोआ हे गाव भरतीचे पाणी घरात येऊ लागल्यामुळे २०१४ मध्ये अख्खेच्या अख्खे उठवून सुमारे दोन किलोमीटर आत वसवावे लागले. धरणासाठी गाव उठते ते आपण पाहिले आहे. इथे समुद्रासाठी उठले. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की पुढे वादळांची संख्या वाढेलच असे नाही, पण येतील ती अधिक जोराची असतील. पॅरिसच्या हवामान कराराला जगात सर्वांत आधी मंजुरी दिली ती फिजीने, फेब्रुवारी २०१६ मध्ये. त्यानंतर काही दिवसांतच 'विन्स्टन' आले. वातावरणात धूर सोडण्यात या नऊ लाख माणसांचा वाटा तो किती? पण भोगायला पहिली रांग त्यांची.

आपण काय घ्यायचे?

वाचकहो, फिजीची गोष्ट सांगितली ती नवल म्हणून नव्हे. वर्षाला दोन हजार मिलिमीटर पावसात जिथे ऊस तहानेने वाळू शकतो, तिथे "यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस" या एका आकड्याने शेतकऱ्याचे भागत नाही. किती पडला यापेक्षा तो कधी पडला, डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला आणि कधी थांबला, यावर साल ठरते. आपल्या तालुक्याच्या मंडलातला पर्जन्यमापक म्हणून महत्त्वाचा. आपल्या बांधावर एक साधे मापक लावून वहीत रोजचा पाऊस लिहून ठेवणारा शेतकरी म्हणून शहाणा.

आणि दुसरे. दहा एकरांत नुसता ऊस घेणाऱ्या फिजीतल्या शेतकऱ्याला १९९८ मध्ये घरात धान्य वाटून घ्यावे लागले. उसाचा पैसा चांगलाच, पण घरच्या पोटाला लागणारे दोन-चार गुंठे तरी रानात असावेत. पौषात पाऊस पडणाऱ्या मुलखाने हे सोसून शिकले. आपण ते वाचून शिकलो तर बिघडले कुठे?